टनकाका

नागपूरच्या महालात दर दोन गल्ल्यांमागे एक टनकाका असतात. ओळखायला सोपे. मार्च लागला की बाकीची माणसं माळ्यावरून कूलर उतरवतात, पंप घासतात, नवीन ताट्या बसवतात आणि पाण्याच्या नळीवरून शेजाऱ्याशी भांडून मोकळी होतात. टनकाका मात्र ओट्यावर मोजपट्टी, डायरी आणि कानामागे पेन्सिल घेऊन बसतात. त्यांना एसी घ्यायचा असतो. गेल्या उन्हाळ्यातही घ्यायचा होता. नोकरीत होते तेव्हाही घ्यायचाच होता.

तुम्ही विचारा, "काका, झाला का एसी?" टनकाका कधी 'नाही' म्हणणार नाहीत. 'नाही' म्हणजे प्रकरण निकाली निघालं. ते म्हणतात, "पाहून राहिलो."

टनकाका बहुधा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतात. हयात एस्टिमेटं करण्यात गेलेली. काम होण्यापेक्षा ते चालू असण्याला जास्त मान आहे, हे तिथं अंगात मुरलेलं. त्यामुळे घरच्या एसीचीही रीतसर नस्ती आहे. तांत्रिक मान्यता काकांची, प्रशासकीय मान्यता काकूंची. काकूंनी आपली मान्यता केव्हाच देऊन टाकली आहे. तांत्रिक बाजू तपासणीत आहे.

आणि तांत्रिक बाजू खरोखरच अवघड आहे, हे कबूल करायला हवं. घर आजोबांनी बांधलेलं. दोन फूट जाडीच्या भिंती, आत माती-विटा, वर कवेलू. बैठकीची उंची चौदा फूट. सागवानी खिडक्या अशा की पावसाळ्यात उघडत नाहीत आणि उन्हाळ्यात लागत नाहीत. कूलरला हे घर मानवतं, कारण कूलरला उघडी खिडकीच लागते. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत यायची, तिनं पाणी उडवायचं, त्यात गार व्हायचं आणि दुसऱ्या बाजूनं निघून जायचं. एसीचा धर्म उलटा. त्याला सगळं बंद हवं. आणि कवेलूच्या घरात सगळं बंद करणं म्हणजे काय, ते सकाळी कवेलूंच्या फटींतून पांघरुणावर उन्हाचे कवडसे मोजणाऱ्यालाच ठाऊक.

'टनकाका' हे नाव पडलं त्यालाही कारण आहे. एसी दीड टनाचा म्हटल्यावर काकूंनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही पडली तर मी कुठं जाऊ?" काकांनी तिथल्या तिथं शिकवणी सुरू केली. टन हे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून उपसून काढण्याची ताकद म्हणजे एक टन. तासाला बारा हजार बीटीयू, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. काकू ऐकता ऐकता भाजी निवडत होत्या. शेजारच्या पोरांनी मात्र पूर्ण ऐकलं आणि काकांचं बारसं करून टाकलं.

दुकानदाराचा हिशोब सोपा असतो. खोली १२० चौरस फुटांपर्यंत असेल तर एक टन, १८० पर्यंत दीड, त्यापुढे दोन. टनकाकांना हा हिशोब म्हणजे अडाणीपणाचा कळस वाटतो. "तो दहा फुटी स्लॅबच्या फ्लॅटचा हिशोब आहे. माझी बैठक अठरा बाय चौदा, उंची चौदा, वर कवेलू, पश्चिमेला भिंत. शिवाय कंपनी जी ताकद सांगते ती बाहेर ३५ अंश धरून मोजलेली. ३५ अंश नागपुरात केव्हा असते? मार्चमध्ये, सकाळी!" बाहेर पारा चढला की यंत्राची ताकद घटते. हे सगळं धरून काकांनी बैठकीला सव्वातीन टन काढले. दीड-दीडचे दोन लावले तर तीन होतात. पाव टन कमी पडतो. त्या पाव टनापायी प्रकरण किती दिवस अडलं, ते विचारू नका.

सीताबर्डीच्या दुकानांत टनकाका आले की पोरं एकमेकांना पुढे ढकलतात. काका आधी यंत्राची पाठ बघतात, मग पोट, मग तारे. "कॉइल तांब्याची की ॲल्युमिनियमची?" "तांब्याची, सर." "नक्की? आणि गॅस कोणता?" एकदा एक नवीन पोरगा गडबडीत म्हणाला, "थंडा गॅस आहे, सर." काकांनी त्याला खुर्चीवर बसवून आर-२२ पासून सुरुवात केली. तो ओझोनला कसा घातक, १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्यानं कसा हटवायचा ठरला, आता आर-३२ कसा सगळीकडे आहे आणि प्रोपेनवर चालणारी यंत्रंही कशी आहेत. दुकान बंद व्हायची वेळ झाली. पोरगा हुशार झाला. एसी तिथंच राहिला.

ताऱ्यांनी तर काकांची मोठी सोय केली आहे. कार्यक्षमतेचे तारे २००६ पासून सुरू झाले, पण निकष वरचेवर कडक होत जातात. २०१८ मध्ये बदलले, २०२२ मध्ये पुन्हा. काल ज्याला पाच होते त्याला उद्या चारच. त्यामुळे काकांना नेहमी एकच सल्ला देता येतो, "थांबा. नवीन तक्ता येऊन राहिला." एकदा जीएसटी कमी होईल म्हणून थांबले होते. मोहल्ला हसला. पण २०२५ च्या सप्टेंबरात खरंच एसीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. काका त्या दिवशी ओट्यावर असे बसले होते की जणू परिषदेत यांनीच हात वर केला होता. "मग आता घ्या ना, काका." "आता? ऑक्टोबरात? हिवाळ्याच्या तोंडावर एसी कोण घेते बाप्पा?"

आणि हिवाळ्याचं नाव निघालं की नस्तीचा दुसरा भाग उघडतो. काकांना साधा एसी नकोच आहे. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम करणारा हवा. डायरीच्या पहिल्या पानावर दोन आकडे ठळक आहेत. ४७.९, मे २०१३. ३.५, डिसेंबर २०१८. दोन्ही नागपूरचे. "ज्या गावात हे दोन्ही होते, तिथं एकतर्फी यंत्र घेणं म्हणजे अर्धवट काम."

ओट्यावरच्या मंडळींना गरमीचं काही पटत नाही. बाहेर आठ अंश असताना यंत्र बाहेरून ऊब आणतं म्हणजे काय? टनकाका तेव्हा खात्यात परत जातात. "अरे, ही उपसा सिंचन योजना आहे. नदी खाली असते, शेत वर असते. आपण पाणी तयार करतो का? नाही. फक्त चढवतो. तशी आठ अंशांच्या हवेतही उष्णता असतेच. कॉम्प्रेसर ती उपसून खोलीत टाकतो. उन्हाळ्यात आतली बाहेर, हिवाळ्यात बाहेरची आत. एक झडप फिरवली की पाट उलटा. साधा हीटर एका युनिटमध्ये एका युनिटची उष्णता देतो. हा तिपटीच्या आसपास देतो." सगळे गप्प होतात. मग कुणीतरी विचारतो, "पण काका, अशा थंडीच्या रात्री किती? त्याच्यासाठी जास्तीचे पैसे? दुलई काय वाईट आहे?" काका म्हणतात, "म्हणून तर पाहून राहिलो."

आता गंमत अशी, की टनकाकांच्या सल्ल्यानं आख्खी गल्ली थंड झाली आहे. जोश्यांनी दीड टनाऐवजी एक टन घेतला तो काकांच्या सांगण्यावरून, आणि त्यांचं सुखाचं चाललं आहे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी वर आधी आडवं छत मारून घेतलं आणि मग एसी लावला, तोही काकांच्याच हुकमानं. "कवेलूखाली एसी म्हणजे फुटक्या कालव्यात पाणी सोडणं," हे काकांचं वाक्य गल्लीतल्या मिस्त्र्यांनाही पाठ आहे. कोणाची जुनी वायरिंग दीड टनाचा भार सोसणार नाही, कोणाच्या घरात अर्थिंग फक्त प्लगच्या तिसऱ्या भोकापुरतं आहे, कोणी वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून घ्यावा, कोणाच्या बिलात ३०० युनिटांची वेस ओलांडली की दर कसा उडी मारेल, सगळं काकांना तोंडपाठ. लोक रात्री बटण २४ वर ठेवून झोपतात तेही त्यांच्यामुळेच. २०२० पासून नवीन यंत्रं चालू करताना मुळातच २४ वर येतात, हे काकांनी दारोदार सांगितलं आहे.

मग स्वतः का घेत नाहीत? कंजूषपणा म्हणावा तर तसा माणूस नाही. लेकीच्या लग्नात पंगतीला हात आखडला नव्हता. खरं कारण वेगळं आहे. ज्यानं एसी घेतला तो एका कंपनीचा झाला. उद्या त्याचा एसी गळला तर त्याला 'गळत नाही' म्हणावं लागतं, किंवा निदान 'सगळेच गळतात' म्हणावं लागतं. ज्यानं घेतलेला नाही तो सगळ्यांचा. त्याच्या ओट्यावर दोन्ही बाजूंची माणसं येतात. सत्तर पानी डायरीला जो मान आहे तो भिंतीवरच्या एका पांढऱ्या डब्याला मिळणार नाही, हे टनकाकांना पुरतं कळलेलं आहे. चार-चौघांत ते असं म्हणणार नाहीत, एवढंच.

शेवटचा अडसर भिंतीचा. नळ्या बाहेर काढायच्या तर भोक हवं. एकदा सर्वेक्षणाला आलेल्या पोराने भोक पाडायचं यंत्र भिंतीला लावून पाहिलं. फूटभर आत गेलं आणि पातं संपलं, भिंत संपली नाही. बाहेर काढलं तर मागून पिवळी माती भुरभुर सांडायला लागली. काका भिंतीला हात लावून उभे राहिले. "बंद कर. हिच्यात चुना नाही, मातीत बांधली आहे. एक वीट हलली की वरची सगळी विचारायला येतील." डायरीत नोंद झाली : 'भिंत छेदन : पुनर्विचार आवश्यक.' बाहेरचं युनिट कुठं ठेवावं याचाही निकाल नव्हता. कवेलूवर ठेवता येत नाही, लाकडी सज्जाला भार सोसत नाही, अंगणात ठेवलं तर नळीची लांबी वाढते. तीन मीटर नळी बहुधा यंत्रासोबत येते, पुढची विकत. शिवाय नळी जितकी लांब तितकी ताकद वाया.

मे महिन्यात टनकाका अमरावतीला लग्नाला गेले. नवतपा तोंडावर होता. पुण्याहून लेक तान्ह्या पोराला घेऊन यायची होती. काकूंनी कपाटातून डायरी काढली, पण सत्तर पानं वाचली नाहीत. त्यांनी गल्लीतल्या एसीवाल्या पोराला बोलावलं आणि सरळ विचारलं, "या घरात सगळ्यात गार खोली कोणती?"

खोली त्यांना ठाऊकच होती. माजघरामागची, दहा बाय अकरा. वर माडी असल्यामुळे कवेलू नाहीत, छत नऊ फुटी, एकच खिडकी आणि तीही उत्तरेला. घरातली बाळंतपणं पूर्वी तिथंच व्हायची. पोरगा म्हणाला, "काकू, इथं एक टन भरपूर झाला." "आणि भोक?" काकूंनी खिडकीवरच्या झडपेकडे बोट केलं. वरची एक काच निघाली, तिथं फळी बसली, फळीतून नळ्या बाहेर गेल्या. पाण्याची नळी उतार धरून थेट तुळशीमागच्या नालीत. बाहेरचं युनिट अंगणात लोखंडी स्टँडवर, लिंबाच्या सावलीत. भिंतीला एक ओरखडाही नाही. मुख्य बोर्डापासून वेगळी तांब्याची तार तेवढी नवीन ओढावी लागली. दुपारी चारला सुरू झालेलं काम दिवेलागणीला संपलं.

काका परतले ते टळटळीत दुपारी, खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा. दारातच थांबले. माजघरातून गार झुळूक येत होती. त्यांनी चपला काढल्या, चष्मा काढून पुसला आणि खोलीत न शिरता आधी अंगणात गेले. युनिटच्या अंगावरची पट्टी वाचली. स्टँडचे नट हलवून पाहिले. नळीवरचं वेष्टण चाचपलं. मग आत आले. "गरम पण करते का हा?"

"करते," काकू म्हणाल्या. "तुमच्या डायरीत पान बारावर लिहिलं होतं, तोच आणला."

"बैठकीचं काय?"

"बैठकीत कोण झोपते? तुम्ही घर थंड करायला निघाले होते. मला पोराला झोपवायचं होतं."

काकांना उत्तर सुचलं नाही. नातू घोरत होता. ते त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसले, थोड्या वेळानं आडवे झाले, आणि लेक सांगते की तेही घोरले. संध्याकाळी ओट्यावर बातमी पोचलीच होती. "काय काका, लागला म्हणे एसी!" टनकाकांनी डायरी उघडली. पान बारावर लाल शाईनं दोन शब्द पडले होते : 'कार्योत्तर मंजुरी.' खात्यात काम आधी होऊन गेलं आणि कागद मागून हलले की हाच शेरा मारतात.

"तो काकूंचा आहे," काका शांतपणे म्हणाले. "माझं बैठकीचं प्रकरण वेगळं. बाहेर एकच युनिट आणि आत तीन खोल्यांत तीन, अशी पद्धत आहे. म्हणजे अंगणात गर्दी नाही. पण बाहेरचं बिघडलं की आतले तिन्ही बंद, हा त्यात दोष. शिवाय नवीन तक्ता..."

मंडळी सरसावून बसली. डायरीचं सत्तरावं पान केव्हाच भरलं होतं. काकांनी आतून दुसरी डायरी मागवली.