विटलेली आठशे लाल कशी करावी

सर्वप्रथम गाडीचं दार उघडावं. बसण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. बिजागरीजवळच्या फटीत, जिथे ऊन कधी पोचलं नाही, तिथे मूळ रंगाची एक पट्टी सापडते. आमच्या २००५ सालच्या मारुती आठशेत ती अजून कुंकवासारखी आहे. आता दार लावून टपाकडे पाहावं. टप पिकल्या पेरूच्या गरासारखा गुलाबी, मधोमध तर चुलीतल्या राखेसारखा. या दोन रंगांत जेवढं अंतर तेवढं आपलं काम. अंतर पाहूनच ज्याला धाप लागेल त्याने इथूनच परत फिरावं. दार मात्र नीट लावावं, आठशेचं दार एकदा आपटून लागत नाही.

मुहूर्ताचं पाहू. केनवड हे आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात, मालेगाव-मेहकर रस्त्याच्या आसपासचं. एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर घासायच्या रबिंग कंपाउंडचा ठिपका ठेवला की तो तिथेच वाळून पापडी होतो. जून ते सप्टेंबर पाऊस, म्हणजे सुटी. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू होते आणि थ्रेशरचा भुसा गाव सोडून कुठेच जात नाही. फेब्रुवारीत हरभरा काढायचा असतो. उरला काळ तुळशीच्या लग्नापासून घरात पहिली लग्नपत्रिका येईपर्यंतचा. यंदा तो नऊ दिवसांचा निघाला. पत्रिका आली की गाडी आपली राहत नाही.

जागा सावलीची हवी, पण झाडाची नको. कडुनिंबाखाली उभी केलेली गाडी संध्याकाळपर्यंत पाखरांची होते, आणि त्यांची विष्ठा उन्हात रंगात उतरते. आमच्या टपाचं वाटोळं निंबाने आणि माझ्या आळसाने मिळून केलं, कंपनीचा यात काही दोष नाही. झाड नाही पण सावली आहे अशी गावात एकच जागा असते, ती म्हणजे गोठा. बैलांना दोन दिवस बाहेर बांधावं. त्यांची नाराजी सोसावी.

काम सुरू करताच सल्लागार येतील. पहिला माणूस विचारेल, ‘इकाले काढली का?’ नाही म्हणावं. दुसराही तेच विचारेल. जुनी वस्तू पुसताना दिसली की ती विकायची असणार, असा आमच्याकडे ठाम समज आहे. तिसरा खोबरेल सुचवेल, चौथा रॉकेलचा बोळा, पाचवा टूथपेस्ट. कुणालाही वेड्यात काढू नये, कारण या सगळ्याने गाडी चमकते. विटलेल्या गाडीवर बादलीभर पाणी ओतलं तरी ती घडीभर नवी दिसते. उन्हाने रंगाचा वरचा थर मरतो, त्याला बारीक खड्डे पडतात, खड्ड्यांत उजेड विखुरतो आणि डोळ्याला पांढुरकं दिसतं. पाणी किंवा तेल ते खड्डे तेवढ्यापुरते भरतं. मी खोबरेल लावून पाहिलं. मळणीचे दिवस होते. अर्ध्या तासात गाडीवर भुशाची झूल चढली आणि पोळा उलटून गेल्यावर पुन्हा पोळा आल्यासारखं दिसू लागलं. टूथपेस्टमध्ये मात्र खरीच बारीक घासणारी पूड असते. हेडलाइटच्या पिवळ्या काचेवर ती थोडीफार चालते. सगळ्या टपाला लावायची तर पूर्ण घराने महिनाभर राखुंडीने दात घासायची तयारी ठेवावी.

लाल गाडीच इतकी का विटते, असा प्रश्न पांढऱ्या गाडीवाले खवचटपणे विचारतात. उत्तर पाठ असू द्यावं. जो रंग आपल्याला लाल दिसतो तो उन्हातले निळे-जांभळे, जास्त ताकदीचे किरण पोटात घेत असतो. पांढरा ते बहुतेक परत पाठवतो. थोडक्यात, लाल गाडी सोसते म्हणून विटते. हे ऐकल्यावर पांढऱ्या गाडीवाला विषय बदलतो.

आता धुणं. कोरडं फडकं मारू नये, धुळीचे कण रंगावर कोळ्याचं जाळं विणतात आणि ते उन्हात बरोबर दिसतं. बोअरचं पाणी जड असेल तर थेंब वाळायच्या आत पुसावं, नाहीतर प्रत्येक थेंबाची पांढरी रांगोळी उरते. धुऊन झाल्यावर दुधाची रिकामी पिशवी हातात घालून बोटं बोनेटवरून हलकेच फिरवावीत. नुसत्या हाताला जे गुळगुळीत वाटलं ते पिशवीतून रव्यासारखं खरखरीत लागतं. ती रंगात रुतलेली धूळ आणि लोखंडी कण. शहरात ती काढायला क्ले बार नावाची मातीची वडी मिळते. मी ती मागितली तेव्हा दुकानदाराने गणपतीची माती दाखवली.

पुढची परीक्षा महत्त्वाची. कोपऱ्यात, नजरेआड, ओल्या फडक्यावर थोडं कंपाउंड घेऊन चोळावं. फडकं लाल झालं तर घाबरू नये, आनंद मानावा. याचा अर्थ रंगावर क्लिअर कोट हा पारदर्शक थर नाही, वरचा थरच रंगाचा आहे, आणि मेलेली कातडी निघतेय. फडकं मळकं झालं, लाल नाही, तर वर क्लिअर आहे. आणि क्लिअरच सापाच्या कातीसारखं सोललं जात असेल तर फडकं खाली ठेवावं. सोललेल्या क्लिअरला घासून काही होत नाही, तिथे पेंटरच लागतो.

इथे आमचे आबा गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. आयुष्यभर पोळ्याला बैलांची शिंगं त्यांनीच साळली. थोडा वेळ पाहून म्हणाले, ‘शिंग साळल्याबिगर हिंगूळ बसते का कधी?’ मी तीन संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ पाहून जे शिकलो ते एवढंच होतं.

पण शिंग दरवर्षी वाढतं, रंग वाढत नाही. कारखान्यातून येतात ते सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. वर्तमानपत्राचं पान एकदा दुमडा, तेवढी जाडी. तुमची सगळी हौस त्यात भागवायची आहे. दर रबिंगला त्यातलं थोडं कायमचं जातं. चमक ही व्याजातून येत नाही, मुद्दलातून येते. म्हणून दर दिवाळीला रबिंग करून आणणाऱ्या माणसाला गाडी देऊ नये, मुलगी द्यायला हरकत नाही.

एका वेळी वीतभर चौकोन घ्यावा. कडांना आणि बोनेटवरच्या उभ्या घडीला कागदी टेप लावावी, कारण तिथे रंग आधीच पातळ असतो. मी टेप लावली नाही. घडीवर करड्या प्रायमरची एक बारीक रेघ उघडी पडली आहे. पाहुण्यांना मी ती डिझाइन म्हणून दाखवतो.

चोळायला सुती बनियन उत्तम, शिवणी कापून टाकलेली. कंपाउंडनंतर पॉलिश, पॉलिशनंतर मेण. मेण टाळू नये, नाहीतर ताज्या रंगाला ऊन पहिल्या दिवसापासून खाऊ लागतं. तेही काही महिनेच टिकतं, मग पुन्हा. मळक्या गाडीवर कव्हर घालू नये. वाऱ्याने ते रात्रभर फडफडतं आणि फुकटात रबिंग करतं, फक्त वाईट.

दीड दिवसात बोनेट उजळलं. त्यात गोठ्याचं कौल दिसू लागलं, कौलातला उजेड दिसू लागला, माझं तोंडही दिसलं. ते पाहून मी लगेच दाराकडे वळलो. एकच भाग उजळण्याचा तोटा तेव्हा कळला. कालपर्यंत गाडी जुनी होती, आज ती दोन गाड्यांची जोडलेली वाटते.

टपासाठी पेंटरकडे गेलो. आमच्याकडचे जुने पेंटर अजून ‘डुको मारू का?’ असंच विचारतात. ड्युपाँटने १९२० च्या दशकात काढलेल्या झटपट वाळणाऱ्या लॅकरचं हे नाव. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीला ते निळ्या रंगात लागलं आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. लॅकर गेलं, नाव इथे राहिलं. पेंटरने बोट फिरवलं आणि निकाल दिला, ‘टपाले आता रंग उरला नाही भाऊ, घासून काय काढता?’ नवा रंग कंपनीच्या कोडप्रमाणे बनवला तर तो बाकी गाडीला जुळत नाही, दाराच्या फटीला जुळतो. म्हणजे टप रंगवायचा तर सगळी गाडी रंगवा. त्यापेक्षा पांढरी करावी असं मनात आलं, पण रंग बदलला की आरटीओच्या पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग असतं, आमचं पुढचं २०३० मध्ये. आणि ही गाडी नवी मिळणार नाही. १९८३ च्या डिसेंबरात पहिल्या आठशेची किल्ली इंदिरा गांधींनी दिली, जानेवारी २०१४ मध्ये ती बनायची बंद झाली.

सध्या बोनेट लाल, डावं दार अर्धं लाल, टप पेरू. लग्नात नवरदेवाचा फोटो गाडीच्या समोरूनच काढतात, त्यामुळे अडचण आली नाही. कुणाकडे जुन्या सुती बनियन पडून असतील तर द्याव्यात. उजवं दार अजून बाकी आहे.