लाल अक्षर आलं का?

उधन्यातले आप्पा म्हणजे सुरतेत मुरलेला खान्देशी माणूस. घरात अहिराणी, बाजारात गुजराती आणि संगणकापुढे बसले की एकच पालुपद : "लाल अक्षर आलं का? नाही ना? मग थई जशे!" पडद्यावर चूक दिसली नाही म्हणजे चूक नाही, ही त्यांची श्रद्धा.

रिंग रोडच्या कापड मार्केटात आप्पांनी लिहिलेले बिलांचे प्रोग्रॅम चालतात. सगळे पायथन २ या संगणकभाषेतले. पायथन ३ आलं २००८ साली. आप्पांनी ढुंकून पाहिलं नाही. १ जानेवारी २०२० ला जुन्याचा आधार तुटला, तेव्हा कुठे त्यांनी 'टू-टू-थ्री' हे रूपांतराचं आयतं साधन हुडकलं. "तू कसाले घाबरस?" असं मलाच दटावून एंटर दाबला. प्रत्येक 'प्रिंट'पुढे पटापट कंस उमटले. मांडवात अक्षता पडाव्यात तसे आप्पा हरखले. साधन बिचारं जुन्या फाइलींची प्रत जपून ठेवतं. ती आप्पांनी कचरा म्हणून पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी शेठचा फोन. शंभर मीटर कापडात सहा-सहा मीटरच्या साड्या किती? जुना पायथन मुकाट १६ म्हणायचा, नवा १६.६६च्या पुढे सहावर सहा ओततो. भागाकाराला साधन हातच लावत नाही. समोरचा आकडा पूर्णांक की अपूर्णांक, हे नुसता कोड वाचून त्याला कळणार कसं?

"आप्पा, पाऊण साडी कोण नेसणार?"

"लाल अक्षर आलं का, शेठ?"

"ना."

"मग बरोबर आहे. ब्लाउज पीस धरा."

मग दलाल जिना चढून आला. त्याचे १२.५० पूर्वी १३ व्हायचे, आता १२. नवा पायथन राउंड करताना नेमका अर्ध्यावर अडला की सम आकड्याकडे वळतो, १३.५० चे १४ च देतो. पण हे दलालाला कोण सांगणार? लाखाची उधारी तो महिनोन्‌महिने सोसेल, रुपया नाही.

आप्पांनी कोड उघडला. भागाकाराकडे, राउंडकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट तळाशी गेले आणि बिलाखाली छापायला गुजरातीत एक ओळ घातली : 'भूलचूक लेवी देवी'. जुन्या पायथनात गुजराती अक्षरांशी त्यांची कायम झटापट व्हायची. आता ओळ पहिल्या फटक्यात सुबक उमटली.

"बघ," आप्पा म्हणाले, "उगाच नावं ठेवत होतो. नवी आवृत्ती झकास आहे!"