पोराच्या हाती काय लागेल

सॉफ्टवेअर कंपनीत दर मजल्यावर असा एक गृहस्थ असतोच. आमच्याकडच्याला सगळे दादा म्हणतात. पालक प्रोसेसने उघडलेली फाइल चाइल्ड प्रोसेसच्या हाती लागेल, या एकाच धास्तीवर दादा जगतात. ‘फोर्क’ कानावर पडलं की चहाचा कप खाली ठेवून विचारणार, “काय काय उघडं टाकून चाललायत?”

मध्यंतरी एक नवा पोरगा रडकुंडीला आला. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायला गेला, तर 8080 पोर्ट आधीच वापरात! वापरतंय कोण? सर्व्हर तर केव्हाच मेलेला. दादांनी खुर्ची ओढली, ‘एलएसओएफ’ चालवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. फोटो लहान करायला सोडलेला एक फुटकळ प्रोग्राम बापाचं सॉकेट धरून बसला होता. “त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही,” दादा कळवळून म्हणाले. आनंद मात्र चेहऱ्यावर मावत नव्हता.

मग प्रवचन. एक्झेक होताच फाइल मिटावी म्हणून लावायची ‘क्लोएक्झेक’ची खूण उघडतानाच लावायची. आधी उघडू, मग एफसीएनटीएलने लावू, असं म्हणणारा दादांच्या मनातून कायमचा उतरतो. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने फोर्क केलं की गेली फाइल! लिनक्सने 2.6.23 मध्ये, 2007 साली, ओपनमध्येच ही सोय दिली, तरी लोक आळस करतात याचं त्यांना मनापासून दुःख आहे. (मला वाटतं, दुःखापेक्षा आधार जास्त.) कारण 2014 मध्ये पायथनने 3.4 पासून हा वारसा मुळातच बंद केला, तेव्हा दादा आठवडाभर गप्प होते म्हणे. आता ओरडायचं कोणावर? मग त्यांना डप2 आठवलं. त्याने काढलेल्या प्रतीवर ती खूण उतरत नाही! दादा पुन्हा माणसांत आले.

त्यांचा मुलगा हॉस्टेलला निघाला, तेव्हा दादांनी दारातच त्याचे खिसे तपासले. घराची किल्ली, स्कूटरची किल्ली, बापाचं एटीएम कार्ड, सगळं काढून घेतलं. वहिनी भडकल्या. “अगं, 0, 1, 2 ठेवलेत की,” दादा म्हणाले, “घ्यायला, बोलायला आणि तक्रार करायला.”

पोरगा रोज रात्री फोन करतो. सगळं 2 वरच येतं, असं वहिनी सांगतात.