डब्याचं गाव

परदेशातून घरी येणाऱ्या बॅगांना एक वास असतो. साबण, चॉकलेटं, न वापरलेले टॉवेल आणि विमानाच्या पोटातला गारठा मिळून तो झालेला असतो. अलीकडे या बॅगांतून एक नवा पाहुणा येऊ लागला आहे: लोकरी मोज्यांत गुंडाळलेला राउटर. तिकडे कंपनीनं नवा दिला, जुना अजून ठणठणीत आहे, आणि आई-वडिलांच्या घरी नेट माजघरापर्यंत पोचत नाही. चालणारी वस्तू टाकवत नाही हा गुण माणूस गुहागरहून स्टुटगार्टला गेला तरी कुठल्या विमानतळावर काढून घेतला जात नाही. माझा धाकटा भाऊ त्याच जातकुळीतला. त्यानं राउटर आणला तेव्हा मला वाटलं, मिक्सर परदेशी विजेवर रुसेल एकवेळ, पण या डब्याला कसली आलीय सरहद्द? जग जोडणं हा त्याचा धंदाच. पुढे वाचत गेलो, विचारत गेलो, तेव्हा ध्यानात आलं की गावाला इतकी चिकटून असलेली वस्तू घरात दुसरी नसेल.

तांब्याच्या तारांचे दिवस आठवा. आपल्याकडे 2005 साली टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं आणि पावसाळ्यात त्याच तारेतून खरखरू लागलं. साध्या टेलिफोनला आवाजापुरती खालची थोडी जागा लागते. तिच्यावर, 26 ते 138 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आपला मोडेम वर एक्स्चेंजशी बोलायचा. जर्मनीत मात्र त्याआधीच आयएसडीएन नावाचा डिजिटल टेलिफोन घरोघर पोचला होता आणि त्यानं ही खालची जागा व्यापली होती. म्हणून तिथल्या मोडेमला 138 च्या वर बसवलं, 276 पर्यंत. म्हणजे जर्मन मोडेम जिथं तोंड उघडतो तिथंच आपल्या एक्स्चेंजचे कान संपायचे. दोघंही सज्जन, दोघंही जागे, आणि दोघांनाही वाटायचं की पलीकडे कुणी नाही. बरं, सूर जुळले तरी पुढे आकड्यांची एक जोडी असायची. आपल्या सरकारी जोडणीला शून्य आणि पस्तीस, ब्रिटनमध्ये शून्य आणि अडतीस, जर्मनीत एक आणि बत्तीस. हे आकडे असेच का, हे जोडणी करून देणारा मुलगा सांगत नसे आणि आपणही विचारत नसू. गोत्र सांगावं तसे ते निमूट सांगायचे, की पुढचे विधी सुरू.

तार सोडून हवेत आलं तरी देश सुटत नाही. वाय-फायच्या जुन्या पट्ट्यात आपण आणि युरोप तेरा वाहिन्या वापरतो, अमेरिकेत अकराच. जपाननं आणखी एक चौदावी राखून ठेवली, तीही फक्त सर्वांत जुन्या पद्धतीच्या वाय-फायसाठी. समुद्रकाठी एखादं बाक कायम एकाच म्हाताऱ्यासाठी मोकळं असावं तशी. आमच्याकडे न्यू जर्सीहून भाचा आला होता. घरातल्या साऱ्यांच्या फोनवर नेट होतं आणि त्याच्या लॅपटॉपला ते दिसतच नव्हतं. राउटर तेव्हा तेराव्या वाहिनीवर बोलत होता आणि अमेरिकेत विकलेल्या त्या यंत्राला तेरावी ऐकण्याची परवानगी नव्हती. मधल्या खोलीत वाय-फाय दाटून राहिलेलं आणि पोरगा त्यात कोरडा उभा! त्याला शेवटी पुस्तक वाचावं लागलं. आजी बेहद्द खूश झाली. वाहिनी बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं, पण तिनं ते लगेच करू दिलं नाही.

आता तांबं गेलं, काच आली. फायबरमध्ये तर आणखी गंमत. एकाच तंतूतून आलेला उजेड एका बिनविजेच्या डबीत फुटून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत जातो. सगळ्यांचा मजकूर सगळ्यांच्या दारात येतो, कुलूपबंद. जो तो आपल्या किल्लीनं आपलं तेवढं उघडतो आणि शेजाऱ्याचं तसंच जाऊ देतो. आमच्या वाडीच्या इतिहासात एवढा संयम कुणी पाळलेला नाही. पण या पंगतीत परका डबा आणून बसवला तर उजेड त्याच्याही डोळ्यांत जातो, आणि वरच्या यंत्राच्या यादीत त्याचा क्रमांक नसल्यामुळे त्याच्या पानावर काहीच पडत नाही. म्हणून भिंतीवर कंपनीचा डबा लागतोच. जर्मनीत 2016 च्या ऑगस्टपासून कायद्यानं ग्राहकाला आपल्या पसंतीचा डबा लावण्याचा हक्क दिला आहे. त्याचं मला फार कौतुक वाटलं. राज्यघटनेच्या देवाणघेवाणीत या कलमाकडे आपलं लक्ष गेलं नसावं.

तर भावाच्या राउटरचं काय झालं? त्याची टेलिफोनची खाच जन्माची रिकामी राहिली. विजेच्या बारीक दोन पिना आमच्या सॉकेटमध्ये सैल बसल्या. कागदाची घडी सारून त्यांना धीर दिला. मग केबलवाल्या मुलानं कंपनीच्या डब्यातून एक साधी चौकोनी टोकाची वायर काढून याच्या पाठीत खोचली, आणि डबा बोलू लागला. हे टोक मात्र जगभर एक. भावानं वाय-फायचं जुनं नाव बदललं नव्हतं. त्यामुळे त्याचा फोन ओटीवर येताच कुणाला न विचारता जोडला गेला, जणू तो घरीच आला होता. आला होताच म्हणा.

खरी मजा तो परत गेल्यावर झाली. आईच्या टॅबलेटला जीपीएस नाही. आपण कुठं आहोत हे तो भोवतालच्या वाय-फायवरून ठरवतो. प्रत्येक राउटर आपला जन्मक्रमांक सतत हवेत पुकारत असतो, आणि रस्त्यानं जाणारे फोन तो क्रमांक कुठं ऐकू आला याची नोंद करत असतात. या राउटरची नोंद स्टुटगार्टची. आमचं घर सुपारीच्या बागेत एकटं, आजूबाजूला दुसरं वाय-फाय नाही. तेव्हा टॅबलेटनं निष्कर्ष काढला की आई स्टुटगार्टला राहते. जुलैचा पाऊस कौलांवर कोसळत असायचा आणि पडद्यावर लख्ख ऊन, सूर्यास्त रात्री सव्वानऊला. मी दुरुस्त करायला गेलो तर आईनं हात धरला. “असू दे रे. त्याच्याकडे वाळवण घालण्यासारखं ऊन आहे आज.” ती सकाळी चहाबरोबर ते ऊन बघायची आणि फोनवर त्याला बजावायची की टोपी घालून जा. तिकडे तो गुहागरचा पाऊस मोबाइलवर बघून हिला सांगायचा की पागोळ्यांखाली पाय जपून टाक. दोघंही एकमेकांच्या हवेत राहत होते आणि स्वतःच्या हवेकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग पोस्टमन आला, नारळ पाडणारा आला, गणपतीला पाहुणे आले. त्यांच्या खिशातल्या फोनांनी नकळत साक्षी दिल्या आणि एका सकाळी टॅबलेट गुहागरला परतला. आपण कुठले, हे आपल्या सांगण्यापेक्षा आपल्या दारावरून जाणारे येणारे ठरवतात, हे मला तेव्हा पटलं. राउटरच्या आत देशांची एक यादी असते. केबलवाल्या मुलानं जर्मनी काढून भारत निवडलं, डबा क्षणभर विझून पुन्हा पेटला, झालं. भावाची तीच गोष्ट कागदपत्रांच्या फायलीत अडकली आहे. जर्मनी 2024 पासून दोन नागरिकत्वं चालवून घेते. आपला कायदा घेत नाही. एक ठेवायचं तर दुसरं सोडायचं, आणि तो अजून ठरवतो आहे.

स्टुटगार्ट गेल्याचं आईला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी म्हटलं, “हवामानात आपल्या हातानं गाव घालता येतं. कुठलं ठेवू?”

“दोन्ही ठेव,” ती म्हणाली. “जागा काय कमी आहे त्यात?”