अडीच सुतांचा दावा

बोल्ट पुरेसा घट्ट बसला आहे की नाही, याचा निवाडा करण्याचा अखत्यार आपल्या समाजाने मनगटाकडे सोपविलेला असून त्या निवाड्यावर अपिलाची सोय मात्र कोठेही ठेवलेली नाही. एकदा पाना हाती आला की तो सद्गृहस्थ, मग तो पेशाने कारकून असो वा कीर्तनकार, बोल्ट थांबला तरी स्वतः थांबत नाही. ‘अजून थोडा बसतोय’ असे पुटपुटत, दात-ओठ खात, तो शेवटचा अर्धा फेरा देतोच. वास्तविक सहा मिलिमीटरच्या बोल्टाची मागणी फार माफक असते. साधारण 10 न्यूटन-मीटरचा पीळ, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाशी पाच किलोंचा भार, एवढ्यात तो तृप्त होतो. पण बोल्ट पोलादाचा आणि भोक ॲल्युमिनियमचे असल्यामुळे जबरदस्तीचे फळ नेहमी भोकालाच भोगावे लागते. बोल्ट उजळ माथ्याने बाहेर येतो.

माझी बुलेट ज्या गृहस्थांकडून माझ्याकडे आली, त्यांनी तिचे इंजिन ‘जन्मात एकदाही खोललेले नाही’ अशी ग्वाही इतक्या गहिवरून दिली होती की मी त्यांचे सांत्वन करण्याच्या बेतात होतो. पुढे इंजिनाच्या उजव्या कुशीतील एका बोल्टाखालून ऑइलचा अखंड अभिषेक सुरू झाला, आणि तो बोल्ट आवळावा म्हणून पाना लावला तेव्हा तो विनातक्रार फिरू लागला व फिरतच राहिला. आवळावे तरी फिरे, सोडवावे तरी फिरे. बसण्याचे मात्र नाव घेईना. आटे गेले होते, आणि ते एका दिवसात गेलेले नव्हते.

हे प्रकरण नीट समजण्यास थोडा पूर्वेतिहास सांगणे प्राप्त आहे. बुलेट मूळची इंग्लंडातील रेडिच गावची. 1955 साली मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघून ती आपल्याकडे बनू लागली, तेव्हा तिच्याबरोबर ब्रिटिश आट्यांची सारी कुळे वतनासह येथे आली. त्यांतले थोरले घराणे जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रज्ञाने 1841 साली स्थापिले. आट्याचा कोन 55 अंशांचा आणि मापे इंचाच्या अपूर्णांकांत. मद्रासचा कारखाना बाळसे धरतो न धरतो तोच, 1956 साली, संसदेने मेट्रिक वजनमापांचा कायदा संमत केला, आणि हळूहळू बाजारात साठ अंशांच्या, मिलिमीटरी आट्यांचा अंमल बसला. बाजाराने मात्र दोन्ही सरकारांस न जुमानता आपले ‘सूत’ चालू ठेवले. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत. तेव्हा पाव इंची बोल्ट तो दोन सुती, आणि पाच-सोळांश इंची तो अडीच सुती. आता अडीच सूत म्हणजे 7.94 मिलिमीटर, आणि त्याचा मेट्रिक शेजारी 8 मिलिमीटरचा. फरक केसाएवढा, म्हणून हा शेजारी त्या भोकात शिरतो, दोन आटे गुण्यागोविंदाने चालतो आणि मग अडतो, कारण अडीच सुती व्हिटवर्थाच्या इंचभर लांबीत 18 आटे असतात, तर आठ मिलिमीटरच्या बोल्टावर तेवढ्याच लांबीत विसाहून थोडे अधिक. येथे परमेश्वराने मनुष्यास थांबण्याची स्पष्ट सूचना दिलेली आहे. परंतु मनगटवाला मनुष्य सूचना वाचत नाही.

मधल्या काळात सल्ल्यांचा ओघ आटला नव्हता. कोणी टेफ्लॉन टेप गुंडाळावयास सांगितली, कोणी एम-सील. शेजारच्या काकांनी, ज्यांची हयात पाटबंधारे खात्यात गेली होती, सफेदा आणि धागा यांचा अक्सीर इलाज सुचवून, तो ज्या नळांवर केला ते नळ आजही गळत नाहीत, अशी साक्ष दिली. हे सर्व उपाय गळती तहकूब करणारे आहेत, रद्द करणारे नव्हेत. मी गाडी नाना पेठेतील एका बोळात, लेथ चालविणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींच्या दारी नेली.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढविला, बॅटरीचा झोत भोकात सोडला आणि पुष्कळ वेळ ते काहीच बोलले नाहीत. नंतर त्यांनी बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचे एक लखलखीत वेटोळे अडकले होते. भोकाचे आटेच्या आटे सोलून त्याने बाहेर आणले होते.

‘‘साहेब, हे भोक मूळचं दोन सुती,’’ ते म्हणाले. ‘‘पहिल्यानं आवळून आटे घालवले. दुसऱ्यानं अडीच सुती टॅप मारला. चांगला मारला, त्याला नाव ठेवणार नाही. तिसऱ्यानं त्यात आठ एमएम कोंबला.’’

‘‘पण हे इंजिन कधी खोललेलंच नाही म्हणे.’’

‘‘बरोबर आहे,’’ मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, ‘‘आता ते खोलायचीही गरज नाही. आपोआप उघडतंय.’’

मी कोठेतरी वाचलेल्या हेलिकॉइलचा विषय काढला. ही स्टेनलेस पोलादाच्या तारेची कमान. भोक किंचित मोठे करून, त्याच्याच खास टॅपने आटे पाडून ती आत फिरवावयाची, म्हणजे मूळ मापाचे आणि मुळाहून बळकट आटे मिळतात. मिस्त्रींना ती ठाऊक होती. पण ती किंचित मोठ्या भोकाची दवा, आणि आमचे भोक तीन पिढ्यांच्या कर्तबगारीने तिच्या हद्दीबाहेर गेलेले. तेव्हा बुश मारावयाचा ठरला.

ऑइल काढले, आत बोळा कोंबला, टॅपच्या खाचांत कीस धरण्यापुरते ग्रीस भरले. साडेआठ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक साफ झाले आणि दहा मिलिमीटरच्या टॅपांचे त्रिकूट क्रमाने कामास लागले. प्रत्येक वेळी रॉकेलचा एक थेंब, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे येताना कीस तुटल्याचा बारीकसा ‘कट्’ ऐकू येई, आणि तो ऐकल्याखेरीज मिस्त्री पुढे सरकत नसत. ज्या भोकावर आजवर केवळ जोर चालला होता, त्याच्याशी कोणीतरी प्रथमच विचारविनिमय करीत होते. लेथवर पितळेचा जो बुश निघाला तो बाहेरून दहा मिलिमीटर मेट्रिक आणि आतून दोन सुती व्हिटवर्थ असा होता. जो तह दोन राजवटींस जमला नाही तो मिस्त्रींनी चहा निवण्याच्या आत घडवून आणला, आणि वर लॉकटाइटची मोहर उठविली.

किती आवळावा, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी पाना माझ्या दोन बोटांत व अंगठ्यात धरावयास लावला आणि तळहात लावण्यास सक्त मनाई केली. शेजारच्या काकांनी सायंकाळी येऊन ‘‘जरा हलका वाटतो,’’ असा शेरा मारला. पण पानापेटी कुलपात होती आणि किल्ली सौभाग्यवतींच्या कमरेला.

मिस्त्रींनी मजुरी वाजवी घेतली. तो आठ मिलिमीटरचा बोल्ट मात्र काही केल्या परत देईनात. ‘‘मुद्देमाल आहे, इथंच राहू दे,’’ म्हणून त्यांनी तो एका गंजक्या डब्यात टाकला. तेवढ्यात दारात एक तरुण येऊन विचारू लागला, ‘‘मिस्त्री, एखादा आठचा जुना बोल्ट पडलाय का? बुलेटला लावायचाय.’’