सव्वापिच काका

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्यांनी पुष्कळ गिऱ्हाइकं पचवली आहेत. उधारीवाली, घासाघीस करणारी, नेलेला पार्ट चार दिवस वापरून ग्रीस पुसून परत आणणारी. पण सव्वापिच काका गल्लीच्या तोंडाशी दिसले, की मुरलेला शेठसुद्धा गल्ल्यावरून उठतो आणि पोऱ्याला म्हणतो, "काकांना तू बघ रे, मी जरा बँकेत जाऊन येतो." काका उधार मागत नाहीत, भाव करत नाहीत. ते फक्त खिशातून पिच गेज काढतात.

ज्यांचा नट-बोल्टशी संबंध खुर्ची करकरायला लागल्यावरच येतो, त्यांच्यासाठी सांगतो. बोल्टच्या अंगावर आटे असतात. लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच. दहा मिलिमीटरचा बोल्ट मागितला की दुकानदार काही न विचारता दीड मिलिमीटर पिचचा पुढे करतो, सगळीकडे तोच खपतो. त्याच जाडीत बारीक आट्यांचा, सव्वा पिचचाही बोल्ट असतो. काकांना तो हवा असायचा. तोही साधा षटकोनी डोक्याचा नाही. घुमटासारखं गोल डोकं, त्याखाली चौकोनी मान. बंपरच्या चौकोनी भोकात ही मान बसली की मागून नट आवळताना बोल्ट जागचा हलत नाही. आणि मागचा नट सतराच्या पान्याचा. सोळाचा दाखवला तर काका नुसतं "हं" म्हणून तो काउंटरवर असा ठेवत, की दुकानदाराला आपण काहीतरी नासकं विकायला बसलोय असं वाटावं. जर्मन डीआयएन मानकात दहाचा नट सतराचा, नंतरच्या आयएसओत तो सोळाचा झाला, ही माहिती नाना पेठेत आता पानवाल्यालाही आहे.

काकांची उभी हयात पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला गेली. तिथे गो आणि नो-गो अशी दोन गेज असतात. पहिलं आट्यांवरून सुरळीत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही गेली तर माल सैल, दोन्ही अडली तर माल जाड, दोन्हीकडे नापास. निवृत्तीच्या दिवशी काकांनी गेजं स्टोअरमध्ये जमा केली, पण निकाल देण्याची सवय घरी आणली. भाजीवाला, सोसायटीचे चेअरमन, गणपतीची वर्गणी मागायला येणारी पोरं, सगळे त्या कसोटीतून जातात. पुतणीला सांगून आलेल्या एका मुलाशी तासभर बोलून काकांनी घरात येऊन अहवाल दिला होता : "गो जातं. पण नो-गोही जातं." स्थळ परत गेलं. त्याबद्दल पुतणी काकांचे आजही आभार मानते, त्यामुळे त्यांना कुणी बोलायची सोय उरलेली नाही.

आता गाडी. गाडी म्हणजे मेटॅडोर. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या वंशातली, बजाज टेम्पोने आकुर्डीत बनवलेली. एके काळी महाराष्ट्रात दूध, वऱ्हाड, बँडपथक, नाटकाचे सेट आणि शाळेची मुलं हे सगळं मेटॅडोरमधूनच हिंडायचं, कधीकधी एकाच मेटॅडोरमधून एकाच दिवशी. काकांनी आपली मेटॅडोर मंचरकडच्या एका बागायतदाराच्या गोठ्यामागून उचलली. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. इंजिन उतरवून बांधलं, ब्रेक नवे झाले, सडलेला पत्रा कापून नवा बसला, रंग लागला. हे सगळं वर्षभरात उरकलं. मग पुढच्या बंपरच्या चार बोल्टांचा प्रश्न आला आणि गाडी पार्किंगमध्ये थबकली ती थबकलीच. बंपर काकांच्या हॉलमध्ये, दिवाणाच्या मागे उभा. काकूंनी त्याच्यावर बेडशीट वाळत घालायला सुरुवात केली तेव्हा कुठे त्याचा घराला काही उपयोग झाला.

काकांना गाडीसाठी व्हिंटेजची नोंदणी हवी होती. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला : पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापराची गाडी मूळ स्वरूपात असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. मी तो नियम त्यांना वाचून दाखवला. त्यात चॅसी, बॉडी आणि इंजिनात फेरफार नको म्हटलंय. बंपरच्या बोल्टाचा उल्लेख नाही.

"लिहिलेला नाही," काका म्हणाले. "अभिप्रेत आहे."

बंपरचे ब्रॅकेट म्हणजे चार गॅरेजांचा इतिहास होता. एका भोकात बाइंडिंग वायर. दुसऱ्यात तीन सुतीचा बोल्ट, गंजून भोकाशी एकजीव झालेला. तो गॅसने तापवून छन्नीने उडवावा लागला. तिसरं भोक रिकामं, चौकोनाचं फिरून फिरून गोल झालेलं. चौथ्यात बोल्ट नव्हता, पण मागे ब्रॅकेटला वेल्ड केलेला नट होता, कळकट आणि कडेला. काकांनी त्याला रात्रभर डिझेल पाजलं, सकाळी पिच गेजची पाती लावून पाहिली. सव्वा. "हा मूळचा," काकांनी जाहीर केलं. पुरावा एवढाच, की तो सगळ्यांत जास्त गंजला होता.

मिस्त्रीने सुरुवातीलाच तोडगा सुचवला होता. "काका, तीन सुतीचा टाकू. बसतो."

'बसतो' ही काकांच्या लेखी शिवी आहे. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने ठरवून दिलेले आटे : इंचाला सोळा, कोन पंचावन्न अंशांचा. मेट्रिकचा कोन साठ अंशांचा. दहाच्या दीड पिचच्या नटात हा साहेबी बोल्ट खरोखरच शिरतो, कारण तो अंगाने बारीक आहे आणि दर आट्याला फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. हाताने फिरवा, गोडीत जातो. पाना लावून जोर दिला की आटे सोलून बाहेर. आपल्याकडे वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला, पण गॅरेजपर्यंत तो अजून पोचतोच आहे. तोवर नट इंग्रजांचा की जर्मनांचा हे मिस्त्रीचा अंगठा ठरवतो. काकांनी मिस्त्रीला व्हिटवर्थपासून सगळं सांगितलं. मिस्त्रीने विडी विझवून ऐकलं आणि म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, बसतो."

मग बाजार सुरू झाले. नाना पेठ, बोहरी आळी, मुंबईला नागदेवी स्ट्रीट. नागदेवीत नट-बोल्ट किलोवर मिळतात आणि तिथे काकांसारख्या माणसाला चार नग हवे असतात. एका दुकानातल्या पोऱ्याने टीव्हीएसचा बोल्ट पुढे केला. "घ्या काका, आठ-पॉइंट-आठ."

"म्हणजे काय?"

"आठ रुपये ऐंशी पैसे?"

काकांनी छत्री काउंटरला टेकवली आणि शिकवणी घेतली. पहिला आठ म्हणजे तुटण्याआधी ८०० मेगापास्कल ताण सोसेल. दुसरा आठ म्हणजे त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत, ६४० पर्यंत, ओढला तरी मूळ लांबीवर परत येईल. पुढे गेला की कायमचा लांबला. पोऱ्या हुशार निघाला. आता तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगतो आणि बोल्टमागे दोन रुपये जास्त घेतो.

स्टेनलेसचे लावा, गंजणार नाहीत, असा सल्ला देणारेही भेटले. स्टेनलेसवर स्टेनलेस आवळलं तर आटे एकमेकांत खरवडून जाम होतात, हे काकांनी त्यांना सांगितलं. ते खरंही आहे. पण जाम होत नसते तरी काकांनी घेतले नसते, कारण ते चमकले असते.

माझं म्हणाल तर, बोल्ट हे काकांचं निमित्त होतं. त्यांना 'का हवाय सव्वाचाच?' असा उलट प्रश्न विचारणारा माणूस हवा होता. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत अशी माणसं डबे उघडून आजूबाजूला बसलेली असायची. सोसायटीत मात्र आटे हा विषय काढला की लोक गव्हाच्या पिठाचे भाव सांगतात.

सव्वाचं प्रकरण मिटलं ते एका म्हाताऱ्या ड्रायव्हरमुळे. बागायतदाराकडे तो पूर्वी ही गाडी चालवायचा. पुण्याला दवाखान्यात आला होता, सहज गाडी पाहायला पार्किंगमध्ये आला. काकांनी मोठ्या आदराने त्याला तो वेल्ड केलेला नट दाखवला. म्हातारा वाकला, नीट बघितलं आणि त्याला भरून आलं.

"अजून हाय व्हय ह्यो? म्याच लावला हुता. मालकांच्या मारुती व्हॅनचा नट हुता, पडलाच हुता गोठ्यात."

मारुती म्हणजे सुझुकी, सुझुकी म्हणजे जपान, आणि जपानी गाड्यांत दहाचा बोल्ट सर्रास सव्वा पिचचा. काकांना हे तिथल्या तिथे उमगलं असणार, कारण ते बराच वेळ बोनेटला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "चहा घेणार का?"

दुसऱ्या दिवशी ते नाना पेठेत गेले. शेठ या खेपेला बँकेत गेला नाही. उलट हसत समोर आला आणि कागदाची पुडी उलगडली. कुठल्या कुठल्या ओळखीने मागवून त्याने काकांसाठी खास दहाचे बोल्ट आणवले होते. गोल डोकं, चौकोनी मान, सव्वा पिच. काकांनी पैसे दिले, आभार मानले आणि खालच्या आवाजात विचारलं, "दीडचे आहेत का?" त्यानंतर दोन महिने शेठ त्यांच्याशी बोलत नव्हता. नाव मात्र सव्वापिचच राहिलं.

दीडचे मिळाले जुन्या बाजारात, एका रविवारी, गोणपाटावर पसरलेल्या बिजागऱ्या आणि कुलपांच्या ढिगात. डीआयएनचे, नटांसकट, नट सतराचे. विकणाऱ्याने ते वजनावर दिले, आणि वजन भरेना म्हणून वर एक कुलूपही टाकलं. काकांनी घरी येऊन ते रॉकेलात धुतले, व्हर्निअर लावला, पिच पाहिली, डोक्यावरचा छाप भिंगातून वाचला. सगळं पास. मग काकूंच्या अंगठीची मखमली डबी रिकामी करून त्यात ठेवले.

"आता लावा की," मी म्हटलं.

"हे? अहो, लावले तर आटे झिजतील."

गाडीला त्यांनी टीव्हीएसचे लावले. दीड पिच, आठ-पॉइंट-आठ, नट सोळाचे. टॉर्क पाना उसना आणून, लिहून ठेवून आवळले. बंपर हॉलमधून गेला आणि काकूंनी बेडशीटसाठी गॅलरीत दोरी बांधून घेतली.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मेटॅडोर उभी राहिली तेव्हा लोक रंग बघत होते, आत डोकावत होते, पोरं स्टिअरिंगवर बसून फोटो काढून घेत होती. "आमच्या मावशीच्या लग्नाला अशीच होती" हे वाक्य इतक्या लोकांनी म्हटलं, की काका दर वेळी मान हलवून "असणारच" म्हणायला शिकले. दुपारी एक गृहस्थ आले. साठीपलीकडचे, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची स्टीलची पट्टी. त्यांनी रंगाकडे पाहिलं नाही. ते तडक बंपरसमोर उकिडवे बसले, हात मागे घातला, नट बोटांनी चाचपला आणि मान वर न करता म्हणाले, "सोळाचा आहे."

काकांचा चेहरा असा उजळला, की काकूंना वाटलं बक्षीस जाहीर झालं.

"सतराचे घरी आहेत," काका म्हणाले. "डीआयएन. अख्खा सेट."

"पिच?"

"दीड. मधे काही वर्षं सव्वाच्या नादी होतो."

"वॉशर कसा घातलाय? गोल कड नटाकडे की बरची कड?"

काका क्षणभर गप्प झाले. पंचिंगमधून निघालेल्या वॉशरची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरीला धार असते, आणि कुठली बाजू कुठे यावरून कारखान्यांमध्ये संध्याकाळचे पाळीबदल चुकले आहेत. काकांनी गाडीतून वर्तमानपत्र काढलं, बंपरखाली अंथरलं, आणि दोघंही उताणे आत सरकले. थोड्या वेळाने आतून "नाही, नाही, तुमचं चुकतंय" असा काकांचा आवाज आला. इतका आनंदी आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

परीक्षक वही घेऊन आले. गाडीला फेरी मारली, इकडे तिकडे पाहिलं, मग खुर्ची टाकून स्वेटर विणत बसलेल्या काकूंना विचारलं, "गाडीचे मालक कोण?"

काकूंनी सुई बंपरखालून बाहेर आलेल्या चार पायांकडे रोखली.

"डावीकडचे दोन पाय."