माशीला ऊन लागलं

एम.एस्सी. झाल्यावरही वर्गात बसून पेपर द्यावे लागतात, हे आमच्या जिंतुरात कुणाला पटत नाही. "पीएच.डी.ला लागली म्हणलीस, अन् पुन्हा परीक्षा?" आबांनी विचारलं. मी त्यांना 'कोर्सवर्क' म्हणजे काय ते अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी ते आत्याला एका वाक्यात सांगितलं, "पोरीचा एक विषय राहिलाय."

विषय मेंदूविज्ञान. पहिल्याच सत्रात हॉजकिन आणि हक्स्ली यांची 1952 सालची समीकरणं अंगावर आली. मज्जातंतूतून संदेश कसा धावतो, हे त्यांनी माकुळावर शोधलं, कारण त्याचा एक तंतू नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका जाड असतो. येलदरीच्या पाण्यावर वाढलेली मी. माकूळ ताटातसुद्धा पाहिलेला नव्हता, पण त्याच्या सोडियम-पोटॅशियमचा हिशेब रात्र-रात्र केला.

मग माश्या आल्या. "फळमाशी?" आबा खाटेवर उठून बसले. "तिच्यासाठी आम्ही बागेत सापळे लावतो, अन् तुम्ही पोसता?" ती फळमाशी वेगळी, आमची म्हणजे पिकल्या केळ्यावरची चिलटं. त्यांना मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून बाटलीत घालायचं. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने नर-मादी निवडायचे. नराचं बूड काळं. मादी कोशातून निघाल्यावर आठेक तासांच्या आत वेगळी काढायची, नाहीतर तिचं परस्पर जमतं आणि प्रयोग वाया जातो. हे मी आत्यासमोर बोलायला नको होतं. "इतक्या माश्यांचं जमवतीस," ती म्हणाली, "मग तुझंच काहून अडलंय?"

आबांची अडचण निराळी. संशोधन म्हणजे त्यांच्या लेखी परभणीचं कृषी विद्यापीठ, 1972 सालापासूनचं. तिथून 'परभणी मोती' ज्वारी आली, ती त्यांनी पेरली, भाकरी खाल्ली. "तुझ्या माशीतून काय निघंल?"

तेव्हा मी ओबेद सिद्दीकींना मदतीला बोलावलं. 1962 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्याबरोबर त्यांनी ऊन न सोसणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला. तो निबंध 1976 चा. त्यातली एक जात 38 अंशांना आडवी होते. पॅरा नावाची दुसरी जात तर 29 अंशांनाच लुळी पडते, कारण तिच्या मज्जातंतूतली सोडियमची वाट बिघडलेली असते. गार केलं की पुन्हा उठून चालायला लागते. एवढ्याशा जिवाने मेंदूतल्या विजेचं गुपित उघडं केलं, असं मी जरा रंगातच सांगितलं. तोंडी परीक्षेत सुद्धा इतकं बरं जमलं नव्हतं.

आबा गप्प. मला वाटलं, जिंकलं.

"एकोणतीस?" ते म्हणाले. "एवढं तर आपल्याकडं संक्रांतीला असतंय. तुझ्या माशीला परभणीत कुणी सालानं ठेवायचं नाही." मग त्यांनी पलीकडच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे बापूकाका जेवण झाल्यापासून कूलरसमोर पसरले होते. "अन् गार केल्यावर उठती म्हणतीस ना? ह्याला दोन कूलर लावले, तरी हलंना. ही कोणती जात, तेवढं तुझ्या सरांना विचारून ये."